दीड ओळीचा रसिक

आषाढातल्या एका सकाळी सहा वाजता मी ललत ऐकायला बसलो आणि साडेअकराला उठलो. तोवर ललतची वेळ टळली होती, तोडी येऊन गेली होती आणि सारंग दारात चपला काढत होता. एवढ्या साडेपाच तासांत ललत माझ्या कानावर पडला तो मोजून दीड ओळ. उरलेला सगळा वेळ तो कशावर ऐकायचा हे ठरवण्यात गेला.

घडलं ते असं. आधी तबकडी काढली, तर तिच्यावर बुरशी. मग फोन काढला, तर त्याला रेंज नाही. मग सीडी शोधली. डबी सापडली, आतली सीडी दुसरीच. शेवटी कॅसेट लावली. ती लागली, बुवांनी आवाज लावला, आणि दीड ओळीनंतर टेपरेकॉर्डरनं फीत खायला घेतली. ती त्याच्या जबड्यातून सोडवून, भोकात पेन्सिल घालून गुंडाळत होतो तोच लाईट गेली.

"झालं का गाणं?" बायकोनं आतून विचारलं.

"सुरू व्हायचंय."

"मग आंघोळ उरकून घ्या. बंबातलं पाणी निवतंय."

निवृत्त झाल्यावर आम्ही कोथरूडचा फ्लॅट भाड्यानं दिला आणि मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे एका वाडीच्या कडेला छोटंसं घर बांधून राहायला आलो. का आलात, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच उत्तर द्यायचो, "आता शांतपणे गाणं ऐकायचंय." कोथरूडला गाणं लावलं की वरच्या मजल्यावर मिक्सर, खालच्या मजल्यावर भिशी आणि समोरच्या इमारतीत ड्रिल मशीन असा त्रिवेणी संगम व्हायचा. इथे मात्र शांतता. शांतता इतकी, की आपल्या घरातलं गाणं बांधापलीकडच्या भातखाचरात जसंच्या तसं ऐकू जातं. ही गोष्ट पुढे माझ्यावरच शेकायची होती, पण तेव्हा मला त्यात फक्त शांतताच दिसली.

सामानाचा टेम्पो चांदणी चौक, भूगाव, भुकूम करत पिरंगुटच्या घाटाला लागला तेव्हा ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली.

"काका, मागं फरशा हायत का? लई खडखडतंय."

"फरशा नाहीत. रेकॉर्ड आहेत."

"कोनाचं रेकॉर्ड? पोलिसातलं?"

त्याचं चुकलं नव्हतं. ऐवजच तसा होता. आजोबांचा चावीचा फोनो आणि त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या चाळीस तबकड्या, वडिलांच्या एलपी, माझ्या तीन खोकी कॅसेटी, पोतंभर सीड्या, मुलीनं भरून दिलेले पेनड्राइव्ह आणि ह्यातलं काय कशात आहे याची मी १९८७ साली करायला घेतलेली वही. घाट उतरेपर्यंत आजोबांच्या चाळीस तबकड्यांच्या चौतीस झाल्या. जुन्या तबकड्या लाखेच्या. झाडावरच्या किड्यानं लाख गाळायची, कारखान्यानं तिची तबकडी करायची, बुवांनी तिच्यात जीव ओतायचा आणि शेवटी एका खड्ड्यात सगळ्यांचं मुसळ केरात.

"लाखेच्या होत्या गं, म्हणून लाखमोलाच्या," मी हळहळलो.

"लाखेच्या बांगड्यासुद्धा कुणी टेम्पोत टाकून नेत नाही," बायको म्हणाली.

ह्या लाखेच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांत संपायच्या. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तेवढ्या वेळात गाणं आटोपून शेवटी तिनं स्वतःचं नावही इंग्रजीतून ठणकावून सांगितलं. तबकडी छापायची जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना गाणारं कोण ते कळावं म्हणून ही सोय. ही पद्धत बंद पडायला नको होती. माझ्या पेनड्राइव्हमधलं गाणं लागलं की पडद्यावर उमटतं, 'ट्रॅक ०३, अननोन आर्टिस्ट'. गौहरजानला पुढचं दिसत असणार.

आमच्या घराण्यात गाणं कुणालाच येत नाही. नाकं मुरडणं मात्र पिढीजात आहे. पणजोबांचं मत असं, की गाणं बैठकीत ऐकावं, पेटीतल्या भुताचं ऐकू नये. आजोबांनी ते भूत घरी आणलं, फोनोला चावी दिली आणि 'खरा आवाज हाच' असं जाहीर केलं. १९४८ साली तिकडे अमेरिकेत एलपी निघाली. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या. त्या एक तृतीयांश फेरीचा हिशेब छत्तीस वर्षं बँकेत काढूनही मला लागलेला नाही. एलपी वडिलांनी आणली, तेव्हा आजोबांनी नाक मुरडलं. १९६३ साली कॅसेट निघाली आणि पुढे यथावकाश ती मी घरात आणली, तेव्हा वडिलांनी मुरडलं. १९७९ चा वॉकमन, १९८२ ची सीडी, २००१ चा आयपॉड, प्रत्येक वेळी मी नवं यंत्र मांडीवर घेऊन बायकोला शब्द दिला, "हे शेवटचं." हा शब्द मी आतापर्यंत तिला इतक्या वेळा दिला आहे, की त्याचीच एक तबकडी निघावी. पिन अडकलेली.

एकट्या गीतरामायणाचं उदाहरण घ्या. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. वडिलांनी रेडिओसमोर मांडी घालून ती सगळी ऐकली. रेडिओचं लायसन सोडलं तर फुकट. पुढे मी त्याच्या तबकड्या घेतल्या. मग वॉकमन आला म्हणून कॅसेटी घेतल्या. मग खरखर नको म्हणून सीड्या घेतल्या. मग गाडीत लावायला पेनड्राइव्ह आणि आता फोनवर दरमहा वर्गणी. गदिमांनी लिहिलं एकदा, बाबूजींनी चाली लावल्या एकदा, मी विकत घेतलं पाचदा. आणि वडिलांनी फुकटात जेवढं ऐकलं, त्याच्या निम्मंही मी पैसे मोजून ऐकलेलं नाही.

असो. मुळशीत आलो तो ऐन उन्हाळा होता. तबकड्या कपाटात रांगेनं लावल्या, त्यांच्याकडे बघत दोन महिने कृतार्थ झालो. मग पाऊस आला.

मुळशीचा पाऊस पुण्यातल्या माणसानं बातम्यांत ऐकलेला असतो. इथे तो राहायलाच येतो. मिठाला पाणी सुटतं, पापड पोळीसारखे मऊ होतात, चामड्याच्या चपलांवर मिशा उगवतात. पंधरा दिवसांनी मी कपाट उघडलं तर तबकड्यांवर पांढरी बारीक नक्षी. घाबरून सदाशिव पेठेतल्या मित्राला फोन लावला. हा माझा मित्र म्हणजे तबकड्यांतला वैद्य. दर रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात तो तबकड्या हुंगत फिरतो.

"धू," तो म्हणाला. "डिस्टिल्ड वॉटर घे, भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, मऊ फडकं, आणि खाचांच्या दिशेनं गोल गोल. हलक्या हातानं. मूल न्हाऊ घालतोयस असं समज."

मी ओट्यापाशी उभा राहून चाळीसेक एलपी न्हाऊ घातल्या. मागे येऊन बायको कधीपासून उभी होती, कळलंच नाही.

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "ताटाला कधी हात लागला नाही. ताटाएवढ्याच आहेत की ह्या." आणि थोडं थांबून, "हात चांगला बसलाय. आता ही कढई घ्या."

कढई घासली. तोवर श्रावणातलं ऊन पडलं होतं. ओल्या तबकड्या आत कशा ठेवायच्या, म्हणून पडवीच्या पत्र्यावर धोतर अंथरून त्यावर मांडून ठेवल्या. तासाभरानं वर गेलो तर पत्रा तापलेला आणि तबकड्यांचे द्रोण झालेले. त्यातला सर्वांत कमी खोल द्रोण मी लावून पाहिला. भूप होता. सुई वर चढे, खाली उतरे. ताम्हिणी घाटातली एसटी जशी. बुवा प्रत्येक स्वराला झोका देत होते. भूप वाकत वाकत शुद्ध कल्याणाच्या दारापर्यंत गेला आणि तिथून पुढे त्याला कुठल्याच थाटात थारा मिळेना.

बांधापलीकडून शेजारच्या आबांनी हाक मारली. "सायेब, गानाऱ्या बुवांना बरं न्हाय का?"

मी बंद केलं. दीड ओळ झाली होती.

दिवाळीत मुलगी बंगळुरूहून आली. द्रोण पाहून तिनं कपाळावर हात मारला. "बाबा, जगातलं सगळं गाणं खिशात मावतं आता. आणि तुम्ही बुरशी पुसताय?" तिनं माझ्या फोनवर कसलंसं अॅप घातलं, एक ब्लूटूथ स्पीकर आणला आणि ती निघून गेली.

जगातलं सगळं गाणं खिशात असणं ही शिक्षा आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. घरात दहा तबकड्या होत्या तेव्हा एक निवडायला दहा सेकंद लागायचे. आता मी संध्याकाळी साडेसहाला यमन शोधायला बसतो. पन्नास गायकांचा यमन समोर येतो. हा लावू की तो? ह्याचा तरुणपणातला की उतारवयातला? मैफिलीतला की स्टुडिओतला? ठरवून बोट टेकवतो, आलाप सुरू होतो, आणि लगेच मनात येतं, त्या दुसऱ्याचा जरा बरा असेल का? लग्नाच्या बुफेत ताट घेऊन नुसताच काउंटर फिरणारा आणि शेवटी उपाशी घरी येणारा माणूस असतो ना, तसा मी नवाच्या सुमाराला फोन खाली ठेवतो. यमनची वेळ संपलेली असते. पोटात दीड ओळ.

शिवाय रेंज. आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेला मिळते. ब्लूटूथ जातं फार तर दहा मीटर, आणि मध्ये स्लॅब. बरेच प्रयोग करून मी शोध लावला, की जिन्याच्या वळणावर उपड्या कुंडीवर फोन ठेवला तर वरून रेंज आणि खाली ब्लूटूथ अशी दोन्हींची गाठ पडते. मात्र जिन्यात माणूस आला की गाठ सुटते. बायको वाळवण घेऊन वर निघाली की बुवांची तान तुटते, ती खाली उतरली की जुळते. एकदा ती मधल्या पायरीवर शेजारणीशी बोलत उभी राहिली, तर अख्खा अंतरा गेला.

"अगं, जरा पुढे सर, समेवर येतायत ते!"

"येऊ देत की. मी कुठे अडवलंय?"

पुढे कळलं, की त्या फोनला नुसतं तोंडी सांगितलं तरी चालतं. फोनमधल्या बाईला मी अदबीनं म्हटलं, "पूरिया लाव." तिनं पुऱ्या टम्म फुगण्याची कृती ऐकवली. "केदार" म्हटल्यावर केदारनाथचं हवामान सांगितलं. तिथे हिमवृष्टी होती. "मारवा" म्हटल्यावर मात्र खरोखर मारवा लावला, पण तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी नुसता उच्चार तपासत होतो. ऐन सकाळी संध्याकाळची हुरहुर लागून मी दिवसभर कामातून गेलो.

जाहिरातींचं तर विचारू नका. फुकटातल्या अॅपवर विलंबित ख्याल ऐकत होतो. बुवा आवर्तन भरत आले, तबलजी तयारीत, मी मांडीवर हात उचललेला, आता सम, आणि पोट साफ करणाऱ्या चूर्णाची जाहिरात. माझा हात पडला तो 'सकाळी एकदम मोकळं' ह्या शब्दांवर. म्हणून मग वर्गणी भरली. वर्गणी भरल्यावर जाहिराती गेल्या, पण क्रम उलटासुलटा करणारं कसलंसं बटण माझ्याकडून दाबलं गेलं होतं. आधी द्रुत वाजायचा, मग विलंबित. आधी विडा, मग वरणभात. त्यात दिवाळीत नातवानं त्याच फोनवर चार दिवस बडबडगीतं ऐकली होती. तेव्हापासून 'खास तुमच्यासाठी' म्हणून जी यादी येते तिच्यात किराणा घराणं, ग्वाल्हेर घराणं आणि मग एक बदक.

तबकडीला निदान रेंज लागत नाही, असं म्हणून पुन्हा कपाटाकडे वळावं तर लाईट जाते. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे भिऱ्याला उतरतं, तिथे त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. ह्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, लोकांनी तुरुंगवास भोगला, गावं पाण्याखाली गेली. एवढा इतिहास ज्या विजेच्या पायाशी आहे, तिनं निदान आमच्या भागात थोडं रेंगाळावं. पण आकाशात ढग दिसला की ती माहेरी निघून जाते. अशा वेळी आजोबांचा चावीचा फोनो कामी येतो. त्याला ना वीज, ना रेंज. अडचण एवढीच, की प्रत्येक तबकडीला नवी पिन लागते, आणि पिनांची डबी मी कुठेतरी अगदी जपून ठेवली आहे.

ह्या सगळ्याचा एकदा निकाल लावायचा, म्हणून मी सदाशिव पेठेतल्या मित्राला घरी बोलावलं. तो आला तो तत्त्वज्ञान घेऊनच.

"डिजिटलला ऊब नाही रे," तो डोळे मिटून म्हणाला.

"उबेला गोधडी देऊ का?" आतून आवाज आला.

ठरलं असं, की आम्ही दोघांनी पडवीत डोळ्यांना पंचे बांधून बसायचं. आत बायकोनं एकच बंदिश आधी एकावर, मग दुसऱ्यावर लावायची. आम्ही ओळखायचं, तबकडी कुठली आणि फोन कुठला. पहिलं सुरू झालं. स्वच्छ, गुळगुळीत आवाज. मित्रानं ओठ काढले. "फोन. प्लास्टिकची फुलं." थोड्या वेळानं दुसरं सुरू झालं. आवाज तोच, पण मागे बारीक, मंद तडतड. मित्राचा चेहरा उजळला. "ऐक! ही तडतड ऐक! हे खाचेतून येतं. ह्याला म्हणतात जिवंतपणा!" मीही मान डोलावली. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. मिरची होती त्यात, हे नंतर कळलं.

पंचे सोडून आत गेलो. टर्नटेबल बंद होतं. त्याचा पट्टा सकाळीच निसटला होता. दोन्ही वेळा वाजला तो फोनच. तडतड मोहरीची होती.

"तुमच्या परीक्षेत पोहे करपायचे राहिले," बायको बशा भरत म्हणाली. मित्रानं पोहे दोनदा घेतले. ऊब आहे म्हणाला.

बायकोचं स्वतःचं म्हणाल तर तिच्याकडे एक कारवाँ आहे. २०१७ साली ही पेटी बाजारात आली. रूप जुन्या रेडिओचं, आणि पोटात आधीच भरून ठेवलेली पाच हजार गाणी. मी लगेच हिशेब केला. गाण्याला चार मिनिटं धरली तर वीस हजार मिनिटं, म्हणजे जवळजवळ चौदा दिवस आणि चौदा रात्री. "एवढं कधी ऐकणार तू?" मी विचारलं. "लागेल तसं," ती म्हणाली. ती बटण दाबते आणि जे लागेल ते शेवटपर्यंत ऐकते. पुढचं गाणं, मागचं गाणं, ह्याहून बरं गाणं, ह्या भानगडीत ती पडत नाही. ती भाजी निवडताना गाणं ऐकते. मी नुसतं गाणं निवडतो.

पुढच्या पावसाळ्यात आबांनी बांधावरून हाक दिली. "सायेब, उद्या लावणी हाय. या की!"

मला भरून आलं. वाडीतल्या कार्यक्रमाला पहिलंच आमंत्रण! रात्री सुलोचना चव्हाणांची तबकडी शोधून पुसून ठेवली. म्हटलं, कलावंतांना दाखवू. सकाळी इस्त्रीचा झब्बा घालून, तबकडी काखेत मारून हजर झालो. समोर गुडघाभर चिखलात वीसेक माणसं वाकून इंद्रायणी भाताची रोपं लावत होती. आबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ते काळं काय आनलंय? पाटावर उभं राह्यला?"

मी चिखलात उतरलो. झब्बा गेला, तबकडी वाचली. लावणी शेवटपर्यंत झाली. मुळशीत आल्यापासून मी मधून न बदललेला हा पहिलाच कार्यक्रम.

भाद्रपदात घराची साफसफाई निघाली. बुरशीनं गेलेल्या कॅसेटी आणि ओरखडे पडलेल्या सीड्या ह्यांचं एक पोतं बायकोनं दाराशी ठेवलं. मी प्रत्येक वस्तू पोत्यातून परत काढत होतो, ती परत घालत होती. माझा हात आधी दमला. पोतं आबांनी नेलं.

ऑक्टोबरात भात पोटरीतून बाहेर पडून दाण्यावर आलं. एक दिवस सकाळी बांधावर गेलो आणि जागीच थबकलो. आबांच्या खाचरात काठ्या रोवल्या होत्या आणि काठीकाठीला दोऱ्यानं माझ्या सीड्या लटकत होत्या. उन्हात गरगरत, लखलखत. पाखरं म्हणे त्या चकाकीला बिचकतात. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून पगाराच्या दिवशी हौसेनं आणलेल्या कॅसेटींच्या फिती ह्या काठीपासून त्या काठीपर्यंत ताणून बांधल्या होत्या. वारा आला की त्या थरथरत आणि त्यांच्यातून बारीक, लांबलचक 'ऊंऽऽऽ' असा सूर निघे. षड्जच होता तो. किंचित उतरलेला, पण माझ्या टेपरेकॉर्डरपेक्षा स्थिर.

"लई कामाचं हाय बगा तुमचं गानं," आबा म्हणाले. "औंदा एक पाखरू फिरकलं न्हाय."

मी बांधावरच बसलो. आबाही बसले. फितींचा षड्ज लागलेलाच होता. त्यात आबांनी सहज गुणगुणायला सुरुवात केली आणि माझे कान टवकारले. चाल ओळखीची होती. ते माझं नाट्यपद होतं. माझ्या आवडत्या दहांतलं पहिलं.

"आबा, हे कुठे ऐकलंत?"

"तुमच्याच घरातनं की! रोज ऐकू येतं. पर दीडच वळ. मंग खरखर, न्हायतर लाईट जाती, न्हायतर तुमी दुसरंच लावता. दोन वर्सं झाली, मी वाट बगतोय पुडं काय हाय त्याची." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पुडं काय हाय वो?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला आठवेना. पाच प्रकारांत माझ्या घरात असलेल्या त्या पदाचा अंतरा मी शेवटचा कधी ऐकला, ते आठवेना.

"जाऊ द्या," आबा माझी कीव येऊन म्हणाले. "आमी कवाच मार्ग काडला. दीड वळीची चाल धरली आन् तिच्यावर तुकोबांचा अभंग बसिवला. दर एकादशीला म्हनतो भजनात. लोक म्हनत्यात, आबा, चाल लई भारी. मी सांगतो, शेजारच्या सायबांची हाय."

आणि त्यांनी तो अभंग म्हणायला घेतला. मांडीवर हातानं ठेका, मागे फितींचा सूर, समोर लखलखणाऱ्या सीड्या. पहिलं चरण झालं. दुसरं झालं. खरखर नाही, जाहिरात नाही, जिन्यात कुणी नाही. तिसरं चरण झालं. मग आबा मधेच थांबले आणि चंची काढून तंबाखू मळायला लागले.

मी सवयीनं उठलो.

"आता कुटं निगालात?"

"बाजू बदलायला," माझ्या तोंडून निघून गेलं.

आबांनी तंबाखूवर थाप मारली, चिमूट गालात सरकवली आणि माझ्या झब्ब्याला धरून मला खाली ओढलं.

"बसा गप. माजी दुसरी बाजू बी ह्याच तोंडातनं येती."